नोव्हेंबर इतका उदास का, आणि नाताळची गीतं 24 डिसेंबरपर्यंत का थांबतात?

जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नगरच्या मंडळीत वाढलात. ऑगस्टपासून नोकरीनिमित्त जर्मनीतल्या सॅक्सनीत आहात आणि तिथल्या लुथरन (मार्टिन लुथरच्या प्रोटेस्टंट पंथाच्या) चर्चच्या कॉयरमध्ये जाऊ लागलात. नोव्हेंबरभर न्याय, पश्चात्ताप आणि मरण यांशिवाय काही कानावर आलं नाही. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी नाताळचं एक मराठी गीत म्हणू का, असं तुम्ही विचारलंत, तर कॅन्टर, म्हणजे चर्चचा संगीतप्रमुख, हसून म्हणाला, ‘अजून नाही.’ त्याच दिवशी शुभवर्तमानाचं वाचन होतं ते चक्क ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारचं, गाढवावर बसून यरुशलेमेत शिरणाऱ्या येशूचं. बाहेर चौकात मात्र नाताळचा बाजार भरलेला. तर हा काय प्रकार आहे, आणि तुमचं गीत म्हणायचं कधी?

मी सॅक्सनीतच तीन खेड्यांच्या चर्चमध्ये आलटून पालटून ऑर्गन वाजवते. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे. हौशी वादकांसाठी चर्चसंगीताची एक छोटी परीक्षा असते, ती दिली आणि या बाकावर येऊन बसले, त्याला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा उत्तर या बाकावरूनच मिळेल.

पहिली गोष्ट, भिंतीवरचं कॅलेंडर बाजूला ठेवा. चर्चचं वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं आणि तो 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्यामध्ये कधीतरी येतो. म्हणजे नोव्हेंबर हा या वर्षाचा मार्च-एंड. जुनं खातं मिटवायचं, कोण गेलं, काय राहिलं ते पाहायचं, मगच नवी वही. आपल्याकडे सर्वपित्री अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरात घट बसतात, हा क्रम तुम्हीही लहानपणापासून पाहिला असेल. तुलना इथेच थांबवते, कारण लुथरन लोक मृतांसाठी काहीच ‘करत’ नाहीत, आणि का करत नाहीत यातच या महिन्याचं मूळ आहे.

31 ऑक्टोबर 1517 ला लुथरने जे 95 मुद्दे मांडले त्यांत वादाचा विषय होता पापक्षमेची पत्रं. पैसे भरा, म्हणजे शुद्धिस्थानात, म्हणजे मेल्यावर पापांची शिक्षा भोगायच्या जागी, अडकलेल्या तुमच्या आईबापाची शिक्षा कमी होईल, असा तो व्यवहार होता. तारीखही बघा: दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण, त्याच्या पुढच्या दिवशी सर्व मृतांचा. जिवंत माणूस मेलेल्यासाठी काय करू शकतो, हा प्रश्न त्या दिवसांत हवेतच असायचा. लुथरच्या पंथाने पुढे उत्तर दिलं की काही नाही, ते देवाच्या हातात आहे. उत्तर चोख होतं, पण त्याने एक पोकळी झाली. मृतांसाठीचे विधी गेले आणि त्यांच्या जागी काहीच उरलं नाही.

ती पोकळी भरली एका राजाने. नेपोलियनच्या युद्धांनंतर, 1816 मध्ये, प्रशिया या जर्मन राज्याच्या तिसऱ्या फ्रिडरिश विल्हेल्मने चर्चवर्षाचा शेवटचा रविवार मृतांच्या आठवणीसाठी ठरवून दिला, आणि हळूहळू तो इतर प्रांतांतही रुजला. लोक त्याला टोटेनझोनटाग म्हणतात, म्हणजे मृतांचा रविवार. चर्चला आवडणारं नाव वेगळं आहे: एविगकाइट्सझोनटाग, सार्वकालिकतेचा रविवार. नावांच्या या रस्सीखेचीत तुम्ही पडू नका. खेड्यातल्या आजीबाई पहिलंच वापरतात.

त्या दिवशी गेल्या वर्षभरात मंडळीतून गेलेल्यांची नावं वाचतात. एक नाव, एक मेणबत्ती, मग पुढचं नाव. माझ्या सर्वांत लहान गावात कधी चार नावं असतात, कधी अकरा. प्रत्येक नावानंतर मी एकच सूर हलकेच धरून ठेवते आणि घरचं माणूस मेणबत्ती लावून जागेवर बसेपर्यंत तो सोडत नाही. गुडघे दुखणारे आजोबा असले की तो सूर फार लांबतो. वर्षभरात मला सर्वांत अवघड जाणारं वाजवणं तेच.

या दिवशी बहुतेक ठिकाणी नव्वदावं स्तोत्र म्हणतात. बारावं वचन आपण मराठीत असं पाठ केलंय: ‘आम्हांला आमचे दिवस असे गणण्यास शिकव की, आम्हांला सुज्ञ अंतःकरण प्राप्त होईल.’ लुथरने जर्मनमध्ये काय केलं आहे ते मुद्दाम काढून वाचा. त्याच्या भाषांतरात दिवस गणणं नाहीच. ‘आम्हांला मरायचं आहे याचा विचार करायला शिकव, म्हणजे आम्ही शहाणे होऊ’, असं तो सरळ म्हणतो. इथली माणसं पाच शतकं हे वचन या शब्दांत ऐकत आली आहेत. नोव्हेंबरचा स्वर तुम्हाला बोचतो तो बराचसा या एका वाक्याचा आहे, असं माझं मत.

मृतांच्या रविवारच्या आधीच्या बुधवारी पश्चात्ताप आणि प्रार्थनेचा दिवस येतो, बुस उंड बेटटाग. 1995 पासून त्याची सुट्टी जर्मनीभर रद्द झाली. वृद्धांच्या शुश्रूषेचा नवा विमा उभा करायचा होता आणि मालकांवरचा बोजा भरून काढायला एक कामाचा दिवस हवा होता. फक्त सॅक्सनीने सुट्टी सोडली नाही. त्याची किंमत तुम्हीही भरताय: तुमच्या पगाराच्या पावतीवर शुश्रूषा विम्याची जी कपात दिसते ती इतर राज्यांतल्या नोकरदारांपेक्षा अर्ध्या टक्क्याने जास्त आहे. पश्चात्तापाचा दिवस इतका रोख कुठेच मोजला जात नसेल. तेव्हा पुढच्या वर्षी त्या दिवशी नुसतं शेजारच्या राज्यातल्या फर्निचरच्या दुकानात जाऊ नका. पैसे दिलेत, तर उपासनेलाही या.

आता त्या गीताकडे येते ज्यावर माझ्या लेखी हा सगळा काळ टांगलेला आहे. शेवटच्या रविवारचं शुभवर्तमान म्हणजे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला दहा कुमारींचा दाखला. नवरदेवाला यायला उशीर होतो, सगळ्या पेंगतात, मध्यरात्री हाक येते. या दाखल्यावरचं ‘वाखेत आउफ’, म्हणजे ‘जागे व्हा’, हे गीत फिलिप निकोलाय या पाळकाचं. 1597 मध्ये वेस्टफालियातल्या उना गावात तो होता आणि प्लेगने गाव झोडपून काढलं होतं. हजारावर माणसं गेली, आणि त्याच्या घराच्या खिडकीतून दफनभूमी दिसायची. त्या दिवसांत त्याने सार्वकालिक जीवनाच्या आनंदावर एक पुस्तक लिहिलं. ते 1599 ला छापलं गेलं. त्यात ही चाल आहे: खालून पायरी पायरीने चढणारी, रात्रीच्या पहारेकऱ्याच्या तुतारीसारखी. पुढे संगीतकार बाखने 25 नोव्हेंबर 1731 साठी यावरच कंटाटा, म्हणजे उपासनेसाठीची गायन-वाद्यांची रचना, लिहिला. तो होता त्रैक्याच्या सणानंतरचा सत्ताविसावा रविवार. हा सण ईस्टरवरून मोजतात, म्हणून ईस्टर फार लवकर आल्याशिवाय तो रविवार येतच नाही, आणि त्या वर्षी तो आला होता.

निकोलायच्या त्याच पुस्तकात, त्याच प्लेगमध्ये लिहिलेलं दुसरं गीत आहे: ‘वी श्योन लॉइश्टेट देर मॉर्गेनश्टेर्न’, पहाटेच्या ताऱ्याचं. ते आम्ही 6 जानेवारीला वाजवतो, मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, बाळाला भेटायला येतात त्या दिवशी. जर्मन लोक पहिल्याला सर्व चर्चगीतांचा राजा म्हणतात, दुसऱ्याला राणी. म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंतचा हा सगळा पट्टा एकाच माणसाने, एकाच खिडकीशी बसून लिहिलेल्या दोन गीतांमध्ये धरलेला आहे. ‘नोव्हेंबर वेगळा, नाताळ वेगळा’ असं मला कोणी म्हणालं की मी त्यांना ही दोन पानं उघडून दाखवते.

मग आगमनकाळ. तुम्हाला गाढव खटकलं, ते साहजिक आहे. पण पहिल्या रविवारचं वाचन शतकानुशतकं हेच आहे, मत्तय 21. आठवड्याचं वचनही जखऱ्याचं: ‘पाहा, तुझा राजा तुझ्याकडे येत आहे.’ इथे गोष्ट सुरुवातीपासून सांगायची नसते. येणारा कोण, हे आधी सांगायचं असतं. दुसऱ्या रविवारी तो ढगांतून येणारा असतो, लूकच्या एकविसाव्या अध्यायातला. तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान पुढे येतो आणि चौथ्या रविवारी मरीया. बाळ कुठेच नाही. वेदीवरचं कापड जांभळं, कारण मुळात हा उपवासाचा काळ. ‘परमउंचामध्ये देवाला गौरव’ हे देवदूतांचं गीत एरवी बहुतेक रविवारी म्हणतात, ते या चार आठवड्यांत गाळतात. नाताळच्या रात्री ते परत येतं तेव्हा माझ्यासमोरच्या म्हाताऱ्या बास गायकांचे डोळे भरतात, ते या गाळण्यामुळेच.

बाखच्या काळातल्या लाइपझिगमध्ये हा संयम याहून कडक होता. पहिल्या रविवारी कंटाटा, आणि मग थेट नाताळपर्यंत वाद्यवृंदासह कुठलंच मोठं संगीत नाही. (त्याच्या दृष्टीने बरंच होतं. नाताळचं ओझं तयार करायला तीन आठवडे मोकळे मिळायचे.)

लाइपझिगचं नाव निघालं तर बाखच्या नाताळ ऑरेटोरिओबद्दल, म्हणजे नाताळच्या गोष्टीवरच्या त्याच्या मोठ्या गायन-वाद्य रचनेबद्दल, बोलायलाच हवं. तुमच्या कॉयरने या वर्षी तो घेतलाच असेल, सॅक्सनीत कोणी ना कोणी घेतंच. 25 डिसेंबर 1734 ते 6 जानेवारी 1735 या दिवसांत सहा भाग सहा वेगवेगळ्या उपासनांना वाजले. सुरुवात ढोलांनी आणि तुताऱ्यांनी, आणि तो सगळा दणदणाट मुळात राणीच्या वाढदिवसासाठी रचलेला, आदल्या वर्षीचा. पण पहिलं साधं चर्चगीत येतं तिथे कान द्या. शब्द पाउल गेरहार्टचे, 1653 चे: मी तुझं स्वागत कसं करू? चाल मात्र ती, जी आपण उत्तम शुक्रवारी काट्यांच्या मुकुटाच्या गीताला म्हणतो. पहिल्या तालमीत मी ही ओळ ऐकली आणि मला वाटलं कोणीतरी चुकीचं पान उघडलंय. अभ्यासक यावर वाद घालतात. ही चाल त्या काळी इतर गीतांनाही लावत, ती मुळात हान्स लेओ हासलरच्या 1601 च्या एका प्रेमगीताची, तेव्हा श्रोत्यांना क्रूसच आठवला असेल असं नाही, असं काहींचं म्हणणं. असेल. पण सहाव्या भागाच्या शेवटी, 6 जानेवारीला, तीच चाल पुन्हा येते, या वेळी तुताऱ्या आणि ढोलांसकट. हा योगायोग आहे असं मला कोणी पटवू शकलेलं नाही.

आगमनकाळाची चार मेणबत्त्यांची माळही पाहिलीत ना? ती काही प्राचीन नाही. योहान हिनरिश विखर्न या धर्मशास्त्र शिकलेल्या समाजसेवकाने 1839 मध्ये हॅम्बुर्गच्या आपल्या अनाथ-गरीब मुलांच्या वसतिगृहात एक गाडीचं चाक टांगलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, बाकीच्या दिवसांच्या लहान लाल. ‘नाताळ किती दिवसांवर आलाय?’ हे मुलं सारखं विचारत, त्यांना ते मोजता यावं म्हणून. म्हणजे वाट पाहणं शिकवायचं साधन.

हे आपल्याला नगरला का ठाऊक नसतं, त्याचंही कारण आहे. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1813 मध्ये मुंबईला आणि 1831 मध्ये नगरला आली, ती बोस्टनकडच्या कॉंग्रिगेशनल परंपरेतून. त्यांच्या पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 ते 1681 पर्यंत नाताळ साजरा करणं कायद्याने बंद ठेवलं होतं! सणवारांचं चक्र त्यांना माणसांनी जोडलेली भर वाटे. नाताळ आपल्याकडे परत आला, आणि जोरात आला, पण त्याच्या आधीची उतरंड आलीच नाही. म्हणून 1 डिसेंबर उजाडला की आपले तरुण पेटी-ढोलक घेऊन घरोघर रात्री कॅरल म्हणत निघतात, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नाही. तुमच्या कार्यालयात एखादा तमिळ लुथरन असेल तर त्याला विचारून पाहा. त्यांच्याकडे तरंगंबाडीला 1706 मध्ये जर्मन लुथरन मिशनरीच उतरले होते. त्याला हे जांभळं कापड आणि ही वाचनं घरचीच वाटतील.

24 तारखेबद्दल फार सांगत नाही, तुम्ही ती अनुभवालच. दुपारपासून मुलांची नाटुकली, संध्याकाळची उपासना, काही गावांत पहाटे सहाला पुन्हा एक. सॅक्सनीत बहुसंख्य लोक कुठल्याच चर्चचे सभासद नाहीत, तरी त्या दिवशी बसायला जागा मिळत नाही. अर्धा तास आधी पोचा आणि जाड मोजे घाला. थंडीत ऑर्गनच्या साध्या नळ्यांचा सूर उतरतो, पत्तीवाल्या नळ्यांचा जवळजवळ उतरत नाही, त्यामुळे दोन्ही एकत्र वाजवल्या की मांजर ओरडतं. म्हणून नाताळच्या रात्री ऑर्गन तुम्हाला नेहमीपेक्षा सौम्य ऐकू आला तर त्यात भक्तिभाव निम्मा, उरलेलं तापमान.

एकच प्रसंग चुकवू नका. शेवटी सगळे उभे राहून ‘ओ दू फ्र्योलिशे’ म्हणतात, दिवे लावून, पूर्ण आवाजात, आणि गावातल्या पितळी वाद्यांचा ताफा, पोझाउनेनकोर, मागून साथ देतो. ते वायमारच्या योहानेस डानिएल फाल्कचं गीत. 1813 च्या साथीत त्याची चार मुलं गेली. त्यानंतर त्याने रस्त्यावरची अनाथ मुलं घरात घेतली आणि त्यांच्यासाठी हे लिहिलं. मुळात ते फक्त नाताळचं नव्हतंच. एक कडवं नाताळचं, एक ईस्टरचं, एक पन्नासाव्या दिवसाच्या सणाचं (पेन्टेकॉस्टचं). नाताळची पुढची कडवी नंतर दुसऱ्याने जोडली. मला हे आधी माहीत नव्हतं, आणि माहीत झाल्यापासून ते नुसतं आनंदी म्हणून वाजवता येत नाही.

आणखी एक गोंधळ आधीच सांगून ठेवते. 24 डिसेंबर रविवारी आला, जसा 2023 ला आला होता, तर सकाळी दहाला आगमनकाळाचा चौथा रविवार असतो आणि दुपारी नाताळ. त्या वर्षी मधल्या वेळेत जांभळं कापड काढून पांढरं घालायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते उलटं घातलं. कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर कोणी बोललं नाही.

25 आणि 26 ला गर्दी ओसरते. 26 ला, देवदूतांचे सूर कानांत असताना, दगडमार झालेल्या पहिल्या हुतात्म्याची, स्तेफनाची, आठवण येते, आणि 28 ला हेरोदाने मारलेल्या बालकांची. पुन्हा मरण, तुम्ही म्हणाल. हो.

आता तुमचं गीत. आगमनकाळात मराठी गीत म्हणायला हरकत नाही, पण शब्द तपासा. येणारा राजा, जागं राहणं, उजेड, दार उघडणं असं काही असेल तर कॅन्टर आनंदाने घेईल. या काळातलं त्यांचं सर्वांत लाडकं गीत दार उघडण्याचंच आहे: गेओर्ग वाइसेलचं, 1623 चं, क्योनिग्जबर्गमधल्या एका नव्या चर्चच्या समर्पणासाठी लिहिलेलं आणि आजच्या गीतपुस्तकात पहिल्या क्रमांकावर असलेलं. पण गीतात गव्हाण, मेंढपाळ, देवदूत आले की थांबा.

थांबायचं कुठवर, तर माझा आग्रह 6 जानेवारीचा. नाताळ इथे 26 ला संपत नाही. घरांच्या खिडक्यांतले तारे आणि दिव्यांच्या कमानी, विशेषतः डोंगराकडच्या गावांत, 2 फेब्रुवारीपर्यंत राहतात. सॅक्सनीत 6 जानेवारीला सुट्टी नसते, म्हणून उपासना बहुधा संध्याकाळी होते किंवा जवळच्या रविवारी. माणसं कमी असतात, पण जी येतात ती ऐकायला येतात. वाचन मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायाचं, पूर्वेकडून आलेले परके लोक दारात उभे. निकोलायचं ताऱ्याचं गीत झालं की लगेच तुम्ही उभ्या राहा. तिथे मराठी गीत कोणालाही चिकटवल्यासारखं वाटणार नाही.

कॅन्टरला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच सांगा, नंतर त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. सारेगम लिहून देऊ नका, पाच रेघांवरची स्वरलिपी द्या, आणि जर्मन अर्थाच्या चार ओळी पत्रिकेत छापायला. कार्यालयातल्या बाई पत्रिका मंगळवारी बंद करतात, सगळीकडे. सुराचं म्हणाल तर तुमची काळी चार म्हणजे त्यांचा गिस, आणि पितळी वाद्यवाल्यांना तो सूर दिलात तर ते तोंडावर काही म्हणणार नाहीत, पण मनातून रागावतील. पांढरी चार करा. तुम्हालाही थंडीत तेवढं खाली बरं पडेल.